घरच्या वर्कशॉपसाठी जुनं लेथ आणि मिलिंग मशीन कसं पारखावं

मी घेतलेल्या पहिल्या लेथला (धातूचा दांडा फिरवत कातणारं मशीन) नवा हिरवा रंग दिलेला होता. हँडलं चकचकीत, चक (दांडा पकडणारा भाग) स्वच्छ, मोटरचा आवाजही नाही. घरी आणून बसवलं, पहिला दांडा फिरवला आणि मायक्रोमीटर लावला, तर चकजवळचं टोक दुसऱ्या टोकापेक्षा ०.१२ मि.मी. जाड. टूलला नवी धार लावली, मशीन पुन्हा पाणसळीत आणलं, तरी फरक जाईना. शेवटी बेडवरून, म्हणजे टूल धरणारा भाग ज्यावर सरकतो त्या लांब रुळांवरून, नख फिरवलं तेव्हा उलगडा झाला. चकसमोरच्या वीतभर पट्ट्यात बेड इतका झिजला होता, की न झिजलेल्या भागाची कड नखाला अडकत होती. पैसे देण्याआधी ही तपासणी दोन मिनिटांत झाली असती.

तेव्हापासून जुनं मशीन बघताना मी प्रत्येक दोषाला एकच प्रश्न विचारतो: हा घरी दुरुस्त होईल का? पट्टे, मोटर, वायरिंग, क्रॉस स्लाइडचं (टूल आडवं सरकवणारा भाग) नट, ढिल्या गिब (सरकत्या भागांची ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या), वरवरचा गंज, बहुतेक बॉल आणि रोलर बेअरिंग, उडालेला रंग, हे सगळं घरी होतं. झिजलेला बेड, तडकलेलं बीड (ओतीव लोखंड), स्पिंडलच्या (चक किंवा टूल फिरवणारा मुख्य दांडा) टेपरमधले, म्हणजे निमुळत्या भोकातले, खोल चरे आणि कुठेच न मिळणारे गिअर यांचं घरी काही करता येत नाही. बेड पुन्हा ग्राइंड करून आणि स्क्रेप करून (हाताने खरवडून सपाट करून) घेता येतो, पण त्याचा खर्च बहुतेक वेळा जुन्या मशीनच्या किमतीच्या पुढे जातो. पहिल्या प्रकारचे दोष किंमत कमी करायच्या कामी येतात. दुसऱ्या प्रकारचा एक दोष दिसला तरी मी हात मागे घेतो.

आधी काम ठरवा

घरच्या वर्कशॉपमध्ये पहिलं मोठं मशीन लेथच असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लेथवर टर्निंग (बाहेरून कातणं), फेसिंग (टोक सपाट करणं), बोअरिंग (भोक मोठं करणं), आटे पाडणं तर होतंच, शिवाय व्हर्टिकल स्लाइड लावून हलकं मिलिंगही (फिरत्या कटरने कापणं) होतं. मिलिंग मशीनवर लेथचं काम करायला गेलं तर फार ओढाताण होते.

आकार ठरवताना लोक दोन आकडे विचारतात: बेडवरून किती व्यास फिरतो आणि दोन सेंटरमध्ये (दांड्याला दोन्ही टोकांना आधार देणारे टोकदार भाग) किती लांबी बसते. तिसरा आकडा विसरला जातो, तो म्हणजे क्रॉस स्लाइडवरून किती व्यास फिरतो. बेडवरून ३०० मि.मी. फिरणाऱ्या लेथमध्ये क्रॉस स्लाइडवरून त्याच्या निम्मा किंवा थोडा जास्तच व्यास मावतो, आणि रोजचं काम याच मापात चालतं. चौथा आकडा स्पिंडलच्या आरपार भोकाचा. भोक २० मि.मी.चं असेल तर २५ मि.मी.चा लांब दांडा मागून घालता येत नाही, प्रत्येक वेळी तुकडा कापून घ्यावा लागतो. लांबीपेक्षा या भोकाला मी जास्त महत्त्व देतो. घरी केलेल्या कामांपैकी फारच थोडी कामं ३०० मि.मी.पेक्षा लांब असतात.

वजनाला घाबरू नका. जड मशीन थरथरत नाही, आणि थरथर नसली की फिनिश आपोआप चांगलं येतं. पण जाण्याआधी दार, जिना आणि वळण यांची मापं घ्या आणि फरशीखाली काय आहे ते पाहून ठेवा. ५०० किलोचं लेथ तळमजल्यावरच्या काँक्रीटवर निवांत उभं राहतं. तेच वरच्या मजल्यावर न्यायचं असेल तर इमारतीची माहिती असलेल्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मशीनने आयुष्य कुठे काढलं?

हे कळलं की अर्धी परीक्षा तिथेच होते. उत्पादनाच्या शॉपमधलं लेथ वर्षानुवर्षं एकच भाग बनवतं, म्हणून त्याचा बेड चकजवळ ठरावीक पट्ट्यात खोल झिजतो आणि बाकीचा कोरा राहतो. तांत्रिक शाळेतल्या मशीनची झीज कमी असते, पण त्यावर आघात झालेले असतात: टूल चकमध्ये घुसलेलं, कंपाउंडला (टूलखालची तिरकी फिरवता येणारी स्लाइड) चकचे जॉ लागून पडलेल्या खाचा, चुकीच्या वेळी गिअर टाकल्याने तुटलेले दात. टूलरूमचं (जिथे साचे आणि हत्यारं बनतात) मशीन सहसा सगळ्यात चांगलं, कारण त्यावर काम करणाऱ्याला मापाची किंमत माहीत असते. आणि एखाद्या निवृत्त कारागिराने घरी जपलेलं मशीन मिळालं तर जास्त घासाघीस करू नका. त्याच्यासोबत ड्रॉवरभर टूल, सेंटर, ड्रिल चक आणि स्टेडी (लांब दांड्याला मध्ये आधार देणारा भाग) येतात, आणि त्या स्वतंत्र घ्यायला गेलं की मशीनएवढाच खर्च होतो.

नाव किती महत्त्वाचं? सुटे भाग मिळण्यापुरतं. साउथ बेंड ही लेथची कंपनी १९०६ साली सुरू झाली, ब्रिजपोर्टचं उभं मिलिंग मशीन १९३८ साली आलं. या मशिनांची संख्या आणि वापरणारे इतके आहेत की त्यांचे नट, गिअर, मॅन्युअल आजही शोधले तर सापडतात. मायफोर्डच्या छोट्या लेथचंही तसंच. पण नामांकित कंपनीचं झिजलेलं मशीन शेवटी झिजलेलंच असतं, आणि अनोळखी नावाच्या जड, कमी वापरलेल्या लेथवर मी जास्त चांगलं काम झालेलं पाहिलं आहे.

विक्रेत्याला फोनवर एवढंच सांगा: मी येईपर्यंत मशीन चालू करू नका. बेअरिंगची खरखर आणि मोटर सुरू होण्यातली अडचण थंड मशीनमध्ये उघड होते.

बरोबर काय न्यायचं

- ०.०१ मि.मी.चा डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड
- मायक्रोमीटर आणि व्हर्निअर
- बॅटरी, छोटा आरसा, चिंध्या, रॉकेलची बाटली, पांढरा खडू
- स्टीलची पातळ पट्टी
- ३० ते ४० मि.मी. व्यासाचा, वीतभर लांबीचा माइल्ड स्टीलचा दांडा आणि धार लावलेलं एक टूल
- कडक लाकडाचा हातभर दांडा
- अॅलन की, दोन-तीन पाने, वही आणि कॅमेरा

मशीन बंद असतानाच बेड पाहा

आधी चिंधीने बेड पुसा. स्क्रेप केलेल्या बेडवर टेलस्टॉकच्या (उजवीकडचा, सेंटर धरणारा सरकता भाग) बाजूला स्क्रेपरच्या बारीक खुणा किंवा ग्राइंडिंगच्या रेषा दिसतील. चकच्या बाजूला त्या पूर्ण गेलेल्या असतील तर तिथली झीज खरी आहे. मग हेडस्टॉकच्या (डावीकडचा, स्पिंडल धरणारा भाग) अगदी पायथ्याशी, जिथे कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) कधी पोचत नाही, तिथून उजवीकडे नख ओढा. पायरी लागली तर ती किती मोठी आहे, ते डायल गेजने मोजता येतं.

यानंतरची परीक्षा मला सगळ्यात खात्रीची वाटते. कॅरेज चकजवळ आणा आणि खालच्या पट्ट्या, म्हणजे कॅरेजला बेडवर धरून ठेवणाऱ्या गिब, इतक्याच आवळा की कॅरेज थोडी जड पण एकसारखी सरकेल. आता ती टेलस्टॉककडे न्या. शेवटपर्यंत सारखीच सरकली तर बेड छान आहे. मध्येच आवळत गेली किंवा अडकली, तर चकजवळची जाडी कमी झाली आहे. बेड एकसारखा असता तर तसं झालंच नसतं. गिब सोडून ठेवलेल्या मशीनवर कॅरेज सगळीकडे मजेत पळते, म्हणून गिब स्वतः आवळल्याशिवाय या परीक्षेला अर्थ नाही.

झीज किती चालते, याचं उत्तर थोडं गणित करून द्यावं लागतं. टूल सरळ खाली ०.१ मि.मी. बसलं तर ४० मि.मी. व्यासाच्या दांड्यावर त्याचा परिणाम जवळपास शून्य असतो, त्रिज्येत ०.०००२५ मि.मी. एवढाच. पण कॅरेज सरळ खाली बसत नाही. बेडचा पुढचा मार्ग, म्हणजे रूळ, मागच्यापेक्षा जास्त झिजतो, त्यामुळे ती पुढे, म्हणजे काम करणाऱ्याकडे, कलते. मार्गांमधलं अंतर १५० मि.मी. आणि सेंटरची उंची १०० मि.मी. धरली, तर पुढचा मार्ग ०.१ मि.मी. झिजला की टूल कामापासून सुमारे ०.०६७ मि.मी. दूर जातं आणि व्यास ०.१३ मि.मी. वाढतो. माझ्या हिरव्या लेथवर हेच घडत होतं. मात्र ४०-५० मि.मी. लांबीच्या छोट्या कामात झीज त्या लांबीपुरती बऱ्यापैकी सारखी असते, म्हणून फरक जाणवत नाही. बुश, स्पेसर, नॉब बनवायचे असतील तर थोडी झीज चालून जाते. लांब शाफ्ट बनवायचे असतील तर चालत नाही.

बीड तडकलं आहे का, ते वेगळं पाहावं लागतं. हेडस्टॉकचे कोपरे, पाय, टेलस्टॉकचा क्लँप, टी-स्लॉटच्या कडा आणि मोटरचा ब्रॅकेट या जागा पुसून रॉकेल लावा, कोरड्या करा आणि वरून खडू घासा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर बारीक काळी रेघ उमटते. ताजा, जाड रंग दिसला तर आधी त्याच जागा तपासा. बेडच्या रुळांवर किंवा तेलाच्या छिद्रांवर रंग आला असेल, तर रंग देणाऱ्याने मशीन उघडलेलंच नाही असं समजा.

गिअरचं झाकण काढा आणि चक हाताने फिरवत एकेक दात मोजा. बॅक गिअर (स्पिंडलचा वेग कमी करणारे गिअर) लावून पुन्हा फिरवा. आट्यांचा चक स्पिंडलवर घट्ट बसला, की बरेच जण बॅक गिअर अडकवून चक ओढतात, आणि त्या झटक्यात बॅक गिअरचा दात तुटतो. इतका ठरलेला दोष दुसरा नाही, म्हणून तिथे बॅटरी घेऊन वाकून पाहाच. तुटलेला दात पितळाने भरून कातलेला असेल तर ते वाईट नाही, किंमत ठरवताना मात्र बोलून दाखवा.

स्पिंडल, स्लाइड, टेलस्टॉक

चक काढायला सांगा. स्पिंडलच्या नाकावर, जिथे चकचा खांदा टेकतो त्या गोल भागावर, डायल गेजची टोकणी लावा आणि स्पिंडल हाताने हळू फिरवा. जर्मन अभियंता गेऑर्ग श्लेसिंगर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मशीन टूलच्या तपासण्या शिस्तीत बसवल्या. त्या धर्तीवर नव्या लेथच्या नाकासाठी साधारण ०.०१ मि.मी. धरतात. जुन्यात ०.०२ आला तरी मी समाधानी असतो. चकमध्ये दांडा पकडून मोजू नका. तीन जॉचा चांगला चकही ०.०५ मि.मी.च्या आसपास डोलू शकतो, आणि चकचा दोष स्पिंडलवर टाकला जातो.

आता लाकडी दांडा स्पिंडलमध्ये घालून वर उचला आणि डायल पाहा. रोलर बेअरिंगमध्ये काटा जवळपास हलू नये. ब्राँझच्या किंवा पांढऱ्या धातूच्या बुशात तेलाला जागा असते, तिथे ०.०२ ते ०.०३ मि.मी. हालचाल ठीक. जास्त असेल तर बुशाच्या टोपीखालचे शिम (पातळ पत्रे) काढून ती कमी करता येते का, ते विचारा. बऱ्याच जुन्या लेथमध्ये तशी सोय असते. शेवटी स्पिंडल पुढे-मागे ढकलून पाहा. त्या दिशेची ढिलाई फेसिंगमध्ये लाटा उठवते.

क्रॉस स्लाइडचं हँडल उलटसुलट फिरवून किती रेघा फुकट जातात ते मोजा. ०.२ किंवा ०.३ मि.मी. निघाले तरी लोक घाबरतात, पण नट ही झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे, आणि टर्नर माप नेहमी एकाच दिशेने घेतो. खरी चिंता वेगळी: स्लाइड मधल्या भागात ढिली आणि टोकाला घट्ट असेल तर गिब आवळून उपयोग होत नाही.

टेलस्टॉक आणि हेडस्टॉकमध्ये टोकदार सेंटर लावा, टेलस्टॉक जवळ आणा आणि दोन टोकांमध्ये स्टीलची पट्टी हलकी पकडा. पट्टी सरळ उभी राहिली आणि कोणत्याही बाजूला वळली नाही तर दोन्ही टोकं जुळतात. जुना टेलस्टॉक तळ झिजल्याने बहुधा खाली गेलेला असतो. पायाखाली शिम टाकून तो वर येतो, म्हणून हा दोष पहिल्या खात्यातला.

लीड स्क्रूचे (आटे पाडताना कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) आटे चकजवळ पातळ आणि टेलस्टॉकजवळ जाड दिसतात का? हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारं नट) टाकून कॅरेज हाताने ढकलली तर किती हलते? आटे पाडायचे असतील तर इथे कडक राहा. त्याच वेळी चेंज गिअर (आट्याचं माप बदलायला लावायचे सुटे गिअर) मोजा. मशीनवरच्या पाटीत कुठल्या आट्याला कुठले गिअर ते लिहिलेलं असतं, त्या यादीतला प्रत्येक गिअर समोर हवा. इंच लीड स्क्रूच्या लेथवर अचूक मेट्रिक आटे हवे असतील तर १२७ दातांचा गिअर पाहा. एक इंच म्हणजे २५.४ मि.मी. आणि त्याची पाचपट १२७, म्हणून हा आकडा.

आता मशीन चालू करा

सगळ्यात कमी वेगाने सुरुवात करा, एकेक वेग वाढवा. एका ठरावीक वेगातच टकटक येत असेल तर त्या जोडीच्या गिअरमध्ये दोष आहे. सगळ्या वेगांत वाढत जाणारी घरघर बेअरिंगची. पंधरा-वीस मिनिटं फिरू द्या आणि हेडस्टॉकवर हात ठेवा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर पुढे विचारपूस करा. ऑटो फीड दोन्ही दिशांनी आणि मशीन उलटं फिरवूनही पाहा. चक आट्यांचा असेल तर उलट फिरवताना कट घेऊ नका, चक सुटून येऊ शकतो.

मग तुमचा दांडा लावा. सेंटरचा आधार न देता १०० ते १२० मि.मी. बाहेर काढा, मधला भाग थोडा बारीक करून दोन टोकांना दोन कॉलर ठेवा आणि दोन्हींवरून एकाच सेटिंगवर ०.१ मि.मी.चा हलका कट घ्या. दोन्ही कॉलर मायक्रोमीटरने मोजा. ०.०२ मि.मी.च्या आत फरक आला तर आनंदाने पुढे जा. फरक जास्त आला तरी लगेच निघून येऊ नका. मशीन असमान फरशीवर उभं असेल तर बेडला पीळ बसतो आणि हाच टेपर, म्हणजे दोन टोकांच्या जाडीतला फरक, दिसतो, पाय नीट टेकवले की तो जातो. म्हणून या परीक्षेचा निकाल बेडच्या परीक्षेसोबतच वाचायचा. बेड चांगला आणि टेपर आहे, तर पीळ. बेड झिजलेला आणि चकजवळ जाड, तर झीज.

मिलिंग मशीन आणि बाकीची

मिलिंग मशीनमध्ये आधी स्पिंडलचं टेपर बोटाने तपासा. कोलेट (टूल पकडणारी चिरा असलेली नळी) घसरून फिरलेलं असेल तर आत वर्तुळाकार चरे असतात, आणि मग कुठलंच टूल सरळ बसत नाही. टेपर कुठलं, हे टूलिंगच्या खर्चासाठी कळायला हवं. आर-८ आणि आयएसओ ३० किंवा ४० हे टेपरचे प्रकार सहज वापरता येतात. मोर्स टेपरचं टूल आत अडकतं आणि ते काढायला ठोकावं लागतं. तो ठोका बेअरिंगवर बसतो, म्हणून मोर्स मला दुसऱ्या पसंतीचं.

क्विल (स्पिंडलसकट वर-खाली होणारी नळी) पूर्ण खाली काढून हाताने हलवा. टेबल मध्यभागी आणि दोन्ही टोकांना चालवून हँडल कुठे घट्ट, कुठे सैल ते पाहा; झीज मध्यभागी असते. टेबलावर ड्रिलची भोकं कितीही कुरूप दिसली तरी त्यांनी काम बिघडत नाही. पण ज्याने टेबलात भोकं पाडली, त्याने बाकीचं मशीन कसं वापरलं असेल, याचा अंदाज येतो. नी (टेबल वर-खाली नेणारा भाग) वर उचलताना अडखळते का, तेही पाहा.

गोल खांबाचं ड्रिल-मिल स्वस्त मिळतं. त्याचं डोकं वर-खाली केलं की ते खांबाभोवती फिरतं आणि जागा हरवते. डोक्याची उंची वारंवार बदलावी लागणाऱ्या कामांना हे फार त्रासाचं.

पिलर ड्रिलमध्ये क्विलची ढिलाई आणि चकचा डोल एवढंच महत्त्वाचं. बेंच ग्राइंडर घेतला तर जुनी दगडाची चाकं टाकून द्या. नवी बसवतानाही टांगून लाकडाच्या दांड्याने हलकं वाजवून पाहा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा असू शकतो. मोटरचा वेग चाकावर लिहिलेल्या कमाल वेगापेक्षा जास्त नसावा.

शेपर (टूल पुढे-मागे सरकवून धातू तासणारं मशीन) या मशीनसाठी खास सांगतो. कारखान्यांतून ती बहुतेक हद्दपार झाली, म्हणून वजनाच्या भावात मिळते. हळू चालते, पण घासून घेतलेल्या एका साध्या टूलने सपाट पृष्ठ, चावीचा खाचा, डव्हटेल सगळं करते. वेळ आहे आणि कटरवर खर्च करायचा नाही, अशा माणसाला मी शेपर नक्की सुचवेन. रॅम (टूल पुढे-मागे नेणारा भाग) पूर्ण पुढे असताना त्याची ढिलाई तपासा.

वीज

कारखान्याच्या मशीनला तीन फेजची मोटर असते, घरी बहुधा एकच फेज येते. एवढ्यावरून चांगलं मशीन सोडू नका. मोटरच्या पाटीवर २३०/४०० व्होल्ट असं लिहिलेलं असेल, तर ती डेल्टामध्ये (वाइंडिंगची त्रिकोणी जोडणी) जोडून सिंगल फेजवर चालणाऱ्या व्हीएफडीला (विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावता येते, आणि वेग कमी-जास्त करायची सोय मिळते. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ०.७५ किलोवॅट, सिंगल फेजवर २.२ किलोवॅटपर्यंतचे व्हीएफडी सहज मिळतात. पाटीवर फक्त जास्त व्होल्टचा आकडा असेल तर मोटर उघडून आतलं स्टार कनेक्शन सोडवावं लागतं किंवा मोटरच बदलावी लागते. तो खर्च आधीच धरा.

व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच ठेवायचा नाही. मशीन चालू असताना तो बंद केला तर व्हीएफडी जळू शकतो. फार कमी फ्रिक्वेन्सीवर मोटरचा पंखाही हळू फिरतो आणि मोटर तापते, म्हणून मंद वेगासाठी बॅक गिअरच वापरा. आट्यांचा चक असेल तर व्हीएफडीचं झटकन ब्रेक लावणं बंद ठेवा, चक सुटतो.

जुनी वायर रबराच्या आवरणाची असेल तर पूर्ण बदला. अर्थिंग, हाताशी येणारं आपत्कालीन बटण आणि वीज गेली की मशीन स्वतःहून पुन्हा सुरू होऊ न देणारा स्टार्टर, या तीन गोष्टींत तडजोड नाही. हे काम येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

व्यवहार करताना

मशीनसोबत काय येतं ते लिहून घ्या: तीन जॉ, चार जॉ, दोन्ही प्रकारचे जॉ, फेस प्लेट, स्टेडी, सगळे चेंज गिअर, टूल पोस्ट, व्हाइस, ड्रॉबार (टूल स्पिंडलमध्ये ओढून धरणारा लांब बोल्ट), चकची किल्ली. "कुठेतरी पडलंय, नंतर देतो" म्हटलेली वस्तू नंतर क्वचितच मिळते, म्हणून ती शोधून झाल्यावरच पैसे द्या. चकचे जॉ पुढे फाकले असतील तर दांडा फक्त मागे पकडला जातो. दांडा पकडून पुढच्या टोकाशी फट दिसते का, ते पाहा.

हाताशी असलेल्या रकमेचा निम्मा भाग टूलिंगसाठी राखून ठेवा. सगळी रक्कम मशीनवर गेली की ते महिनोन्‌महिने झाकून पडतं.

उचलणं आणि आणणं

इथे माणसं जखमी होतात, म्हणून या दिवशी घाई नको. लेथचं वजन वर आणि हेडस्टॉककडे असतं. थोडंसं कललं तरी ते मागे-पुढे उलटतं आणि एकदा उलटू लागलं की चार माणसांनाही आवरत नाही. आवरायला जाऊच नका, बाजूला व्हा.

कॅरेज आणि टेलस्टॉक उजव्या टोकाला नेऊन घट्ट करा, म्हणजे तोल मध्याकडे येतो. चक आणि मोटर उतरवता आली तर उतरवा. पट्टा बेडखालून घ्या. लीड स्क्रू, फीड रॉड किंवा स्पिंडल यांवर भार येऊ देऊ नका, वाकलेला लीड स्क्रू सरळ होत नाही. आधी दोन बोटं वर उचला, तोल पाहा, खाली ठेवा, पट्टा सरकवा, पुन्हा उचला. मिलिंग मशीनची नी पूर्ण खाली आणा आणि डोकं फिरवता येत असेल तर उलटं खाली करा.

सपाट जमिनीवर तीन पाइप आणि एक पहार पुरते. पहारीने मशीन बोटभर उचलायचं, खाली फळी सरकवायची, मग पाइप घालायचे. मशीनखाली हात कधीच नाही. फळी ढकलायला दुसरी फळी वापरा. गाडीत चढवल्यावर रॅचेट पट्टे चारही कोपऱ्यांतून खाली ओढून बांधा आणि पायांपाशी लाकडाच्या पाचरी ठोका. टनाच्या आसपासचं मशीन असेल तर क्रेनवाला बोलवा.

घरी आल्यावर

सोडवण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो काढा. साफसफाई रॉकेल आणि चिंधीने करा. बेडवर वायर ब्रश, एमरी पेपर किंवा ग्राइंडर लावायचा नाही. एमरीची पूड रुळांत बसली की पुढची झीज तीच करते. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ब्रेक किंवा क्लचचं जुनं अस्तर अॅसबेस्टॉसचं असण्याची शक्यता असते, म्हणून ती धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही.

रुळांना आयएसओ ६८ नंबरचं स्लाइडवे तेल द्या. गिअर असलेल्या हेडस्टॉकमध्ये बहुधा ३२ किंवा ४६ नंबरचं हायड्रॉलिक तेल चालतं, मॅन्युअलमध्ये दुसरं लिहिलं असेल तर तेच घाला. मोटारगाडीचं इंजिन तेल टाळा. त्यातला डिटर्जंट कचरा तरंगत ठेवतो आणि लेथमध्ये तो गाळायला फिल्टर नसतो. तेलाच्या निपलमध्ये कुणीतरी ग्रीस भरलेलं सापडेल. ते सगळं काढा, नाहीतर त्यामागे तेल पोचत नाही.

मशीन जागेवर ठेवलं की पायांखाली शिम देऊन बेड आडवा आणि पीळरहित करा. पाणसळ बेडवर आडवी ठेवून हेडस्टॉकजवळ आणि टेलस्टॉकजवळ दोन्हीकडे बुडबुडा एकाच रेघेवर आला की पीळ गेला. त्यानंतर दोन कॉलरचा दांडा पुन्हा फिरवा आणि आलेली मापं तारखेसकट वहीत लिहा. पहिले काही आठवडे मशीन जमिनीवर बसत असतं. महिन्याभराने तीच परीक्षा पुन्हा घ्या आणि मापं जुन्या नोंदीशेजारी लिहा. फरक आला तर आधी शिम तपासा, हेडस्टॉकच्या बोल्टना हात लावू नका.